पान चौतिसावरचा कावळा

अकोला
१२ मार्च १९६५

देवराव,

तुझ्या पुस्तकाचं चौतिसावं पान काल संध्याकाळी सूर्यभान तायडेनं माझ्या नाकासमोर धरलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तुझ्याशी अक्षर न बोलता माझं काही अडलं नाही. वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे.

सूर्यभान म्हणजे श्रावणकाकांचा मुलगा. श्रावणकाका तरी तुला आठवत असतील. बाबांबरोबर तीस वर्षं सरकी काढण्याच्या एकाच जिनात होते. कापसाची धूळ छातीत साचून आता दम्यानं खाटेला खिळले आहेत. पावसाळा काढतील असं डॉक्टरांना वाटत नाही. छप्पन्न साली बाबा आणि ते एकाच गाडीनं नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि जुन्या रीती दोघांनी एकाच दिवशी सोडल्या. बाबांना आपण कसं पोचवलं ते काकांनी पाहिलं आहे. वस्तीतल्या वामनरावांनी त्रिशरण म्हटलं, चार माणसं चांगलं बोलली, संपलं. काकांचं आता एकच सांगणं आहे: मोतीरामला पोचवलं तसंच मला पोचवा. पिंड नको, मुंडन नको, कावळ्याची वाट बघत उभं राहणं नको.

सूर्यभाननं हो म्हटलं होतं. मनापासून नव्हे, पण म्हटलं होतं. आता त्याच्या हातात तुझं पुस्तक आहे.

"हे पाहा बाई," तो म्हणाला. "छापलं हाय. मोतीरामबुवाचा पोरगा प्रोफेसर, त्यानं पिंड देल्ला, कावळा शिवला. मंग माह्याच बापानं काहून उपाशी जावं?"

"ती कविता आहे," मी म्हटलं.

"कविता असली म्हनून काय झालं? पुस्तकात काय खोटं छापतेत?"

पंचवीस वर्षं मुलींना शिकवते आहे. पुस्तकात खोटं छापत नाहीत असंच त्यांना सांगत आले, आणि ते खोटं पाडण्याची व्यवस्था तू करून ठेवली आहेस.

मी कविता उभ्या उभ्या वाचली.

*दर्भाच्या टोकाशी थरथरला भात.
मी म्हणालो, बाबा, सारे सांभाळीन.
आणि एक काळा पंख
माझ्या शब्दावर उतरला.*

छत्तीस साली नागपूरला बी.ए. करताना मीही कविता शिकले आहे. अलंकार कशाला म्हणतात आणि थाप कशाला म्हणतात, हे मला कळतं. कुठला दर्भ? कुठला शब्द? तू काय सांभाळलंस? मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते तुला कुणी कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. पान एकवीसवर तू बाबांच्या ओठांवर पाणी धरतोस. ते पाणी मी धरलं. शेवटचे आठ दिवस त्यांना गिळता येत नव्हतं. कापसाचा बोळा भिजवून ओठांवर पिळावा लागे. तुला तार सात जानेवारीला गेली. ते गेले नऊला. तू आलास बाराला, कारण तुझ्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं आणि तिथे तुझं काव्यवाचन होतं. दहाव्या दिवशी दुपारी न जेवता निघून गेलास. एवढ्या भांडवलावर छप्पन्न पानांचं पुस्तक.

खोटं बोलायचंच होतं तर निदान बाबांना पटेल असं बोलायचं. शेवटच्या आजारात त्यांना कुणी तरी पिंडाचं विचारलं, तर म्हणाले होते, "जित्तेपनी ज्या देवळात जाऊ देल्लं नाही, मेल्यावर तिथल्या कावळ्याले काहून बोलावू?" त्या माणसाच्या नावावर तू कावळा बसवलास, आणि सगळे हळहळले. अमरावतीत तुझ्या वाचनाला लोकांनी डोळे पुसले म्हणे. पुसोत. तुझ्या बापाला ते ओळखत नव्हते.

मायला मी ती कविता वाचून दाखवली. ती म्हणाली, "कोनता कावळा वो? माह्या देखत तं कोनताच कावळा नाई आला."

मला एवढंच हवं आहे: अकोल्याला ये. श्रावणकाकांच्या खाटेपाशी उभा राहा आणि सूर्यभानला सांग, की हे घडलेलं नाही. आपल्या घरात त्या दहा दिवसांत कुणीही पिंड ठेवला नाही. हे मी सहीनिशी लिहून देईन.

जाई


अकोला
२४ मार्च १९६५

देवराव,

तुझं पत्र पोचलं. चार पानं. त्यांतली साडेतीन कवितेविषयी आहेत. "कविता म्हणजे पंचनामा नव्हे" हे वाक्य तुझे विद्यार्थी वहीत उतरवून घेत असतील. मान्य, नव्हे. पण सूर्यभान तिचा पंचनामाच करतो आहे, आणि ज्याच्या मरणाचा प्रश्न आहे तो माणूस अजून श्वास घेतो आहे. मोठ्यानं घेतो, रस्त्यापर्यंत ऐकू येतो.

पुढे तू लिहितोस, "मी जिथे नव्हतो तिथे मला कवितेनेच नेले." तिथे बडनेऱ्याची पॅसेंजरही नेते.

तुला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. मग त्याची हकीकत खोटी का करावी लागली? मी पोचलो नाही, असं एक पान लिहिलं असतंस तर मी ते पुस्तक विकत घेतलं असतं. पण ते लिहिलं तर सभागृहात सगळे तुझ्याकडे पाहतील. कावळा लिहिला की सगळे कावळ्याकडे पाहतात.

यायला जमणार नाही म्हणतोस, परीक्षा आहेत. माझ्याही शाळेत आहेत.

आता तुझं शेवटचं अर्धं पान. दहाव्या दिवशी सकाळी न्हाणीमागच्या भिंतीवर पळसाच्या पानावर भात पाहिला, त्यावर काळे तीळ होते, आणि कविता तिथून सुरू झाली, असं तू लिहितोस. काय पाहिलंस ते तुझं तुला ठाऊक. त्या दिवसांत घरात बायका होत्या, पोरंबाळं होती, उरलंसुरलं कुणी कुठेही टाकत होतं. आणि तीळ असलेच तर मायनं ठेवलं असेल. तिचं सगळं आयुष्य जुन्या रीतीत गेलं, हातांना सवय असते. मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. एवढ्याशा गोष्टीवर उभं राहून तू स्वतःला खरा म्हणवून घेऊ नकोस. तू तर ठेवला नव्हतास ना? मग कवितेतला "मी" कोण?

येत नसशील तर निदान सूर्यभानला दोन ओळी लिही, की पिंड मी दिला नव्हता. श्रावणकाका दर दोन दिवसांनी मला बोलावून विचारतात, "मास्तरीनबाई, सूर्यभान काय म्हनून राहिला?" मी विषय बदलते. मला विषय बदलण्याची सवय नाही.

जाई


अकोला
७ एप्रिल १९६५

देवराव,

तू सूर्यभानला लिहिलंस. मी सांगितलं म्हणून लिहिलंस, तेव्हा अर्धा दोष माझा. पण लिहिलंस ते पोस्टकार्डावर! इतकी वर्षं शहरात राहून तुला पाकीट विकत घेण्याची अक्कल आली नाही. आपल्या वस्तीत कार्ड ज्याला आलं त्याच्या आधी चौघं वाचतात.

"पिंड मी दिला नव्हता. आमच्या आईने ठेवला असावा, असे बाईंचे म्हणणे आहे." हेच लिहिलंस ना? मला ते शब्द सूर्यभानच्या बायकोनं, पार्बताबाईनं, नळावर म्हणून दाखवले. पाठ झाले आहेत तिला. मी तिथे पोचण्याआधी ते मायला ऐकवून झाले होते.

"काहो सुंदराबाई, नवऱ्याले चोरून जेवू घातलं म्हनते तुमी? अन् आमच्या बुढ्याले मात्र उपाशी धाडा म्हनता?"

सगळ्या बायका हसल्या. मायनं बादली उचलली आणि म्हणाली, "व्हय, म्याच ठेवला होता." आणि घरी आली.

मी घरी येऊन तिच्यावर ओरडले. म्हटलं, "माय, तू ठेवला नव्हतास, मग हो कशाला म्हणालीस?"

"माहीत हाय मले, म्या नाई ठेवला," ती म्हणाली. "तुह्या शाळेत कोनी काई म्हनीन. माही कोनती नोकरी जाते?"

मी खाली बसले. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून. तिळाचा डबा फळीवर उलटा ठेवला होता तू. तुले सैपाकघरातलं कधी जागच्या जागी ठेवता आलं हाय का वो?"

दोन वर्षं, देवराव. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली आणि एक शब्द बोलली नाही. तुझी कविता वाचून दाखवली, तेव्हा कावळा आला नाही एवढंच म्हणाली. भात नव्हता, असं ती म्हणाली नव्हती. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहिल्या पत्रात मी सहीनिशी लिहून देईन म्हटलं होतं. ते मागे घेते. दुसऱ्या पत्रात मायचं नाव घातलं, त्याला मला दुसरा शब्द माहीत नाही. ते खोटं होतं. तुला ज्या गोष्टीबद्दल मी झोडपत होते, तीच मी केली, आणि तुझ्याहून वाईट, कारण तू कुणाच्या माथी मारलं नव्हतंस.

आता काय घडलं ते ऐक.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मूठभर भात शिजवला. घरात पाहुणे झोपले होते. बाबांनी नको म्हटलेलं मला ठाऊक होतं. ते बोलले तेव्हा मी शेजारीच होते, आणि बरं वाटलं होतं मला. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण आठ दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. शाळेत फळ्यावर लिहिताना, कुणी भेटायला आलं तरी, तेच. भुकेला माणूस घरातून गेला. मी भात केला, त्यावर तीळ घातले, कारण भातावर तीळ घालतात एवढं लहानपणी पाहिलं होतं, आणि पान भिंतीवर ठेवून न्हाणीच्या दारात उभी राहिले.

तासभर उभी होते. मी काही म्हटलं नाही. अशा वेळी मागे राहिलेल्यांनी काहीतरी कबूल करायचं असतं, पण मला जे करायचं होतं ते मी रोज करतच होते. नवीन काय कबूल करणार? कावळे होते. समोरच्या कडुनिंबावर तीन बसले होते. एकही खाली उतरला नाही.

मग शेजारच्यांची कोंबडी भिंतीवर चढली आणि तिनं तो भात खाल्ला. सगळा. शेवटी पानालाही चोची मारल्या. मी तिला हाकललं नाही. अंघोळ केली आणि शाळेत गेले. पहिला तास भूमितीचा होता.

तू पान पाहिलंस ते बहुधा त्या तासाभरातच. मला पाहिलं नाहीस, किंवा पाहून लिहिलं नाहीस. ते मला विचारायचं नाही.

पण राग कशाचा आला ते आता सांगते. पिंड लिहिलास, दर्भ लिहिलास, ते एकवेळ सोड. तू कावळा आणलास. मी तासभर उभी राहिले आणि आला नाही. तू अमरावतीला खुर्चीत बसून, एक ओळ ओढून, त्याला खाली उतरवलंस. इतकं सोपं होतं का ते? पान चौतीस मी त्या संध्याकाळी सूर्यभानसमोर वाचलं, तेव्हा शेवटच्या ओळीला मला क्षणभर बरं वाटलं, देवराव. खरंच तो आला होता असं वाटलं. ते मी तुला माफ करणार नाही.

येत्या रविवारी मी श्रावणकाकांकडे जाते आहे. सूर्यभानच्या समोर, पार्बताबाईच्या समोर हे सगळं सांगणार आहे. त्यानंतर काका जे ठरवतील ते ठरवतील. त्यांचं मरण माझ्यामुळे त्यांच्या हातातून गेलं तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही त्यांना. पण मायनं नळावर माझं ओझं उचलायचं, हे चालणार नाही.

तू ये किंवा येऊ नकोस.

जाई


अकोला
२० एप्रिल १९६५

देवराव,

तू आला नाहीस. गेल्या रविवारी नाही, या रविवारीही नाही. तरी काय झालं ते तुला कळणं भाग आहे, कारण आता तुझं नाव त्यात आलं आहे. ते मी घातलेलं नाही.

काकांची खाट बाहेर कडुनिंबाखाली होती. वामनराव होते, सूर्यभान होता, पार्बताबाई दारात होती. मी उभ्यानंच सांगितलं: भात मी ठेवला, सुंदराबाईनं नव्हे, देवरावनं नव्हे. काय वाटून ठेवला तेही सांगितलं. कोंबडीपर्यंत सगळं.

कुणी हसलं नाही. सूर्यभान बापाकडे वळला. "घ्या. आयकलं ना? बी.ए. झालेल्या बाईले राहावलं नाई. मले कसं राहावीन? मी तं दहावी नापास."

आजवर मी त्याला अडाणी समजत होते. तो घाबरलेला होता. बाप गेल्यावर आपल्या हातून काही राहून गेलं तर जन्मभर डोक्यात घोळेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पुस्तक त्यानं आधाराला धरलं होतं.

काकांनी धापा टाकतच मला हातानं जवळ बोलावलं. मग मला म्हणाले, "बस वो खाली. इन्स्पेक्टरसमोर उभी रायल्यावानी काहून उभी हाय?"

मी बसले.

"भूक तुले होती बाई," ते म्हणाले. "मोतीरामले नोती. त्याले म्या शेवटच्या दिवशी इचारलं होतं, काई खावाव वाटते का? तं म्हने, पोट भरलं हाय लेका, चांगलं भरलं हाय. तू ठेवला, कोंबडीनं खाल्ला. कोनाच्या तरी पोटात गेला ना? मंग काहून रडून राहिली?"

मी रडत नव्हते. असो.

मग सूर्यभानला म्हणाले, "तुले डोकं भादराचं हाय, भादर. उन्हाळा हाय, थंड वाटीन. भात करायचा हाय, कर, अन् गल्लीतल्या पोट्ट्यायले जेवू घाल. पन माह्या नावानं भिंतीवर ठेवशीन अन् त्या काळ्याची वाट पाहाशीन, तं याद राख. मी कावळ्याच्या मर्जीवर जगलो नाई, मेल्यावर त्याची मर्जी कशाले सांभाळू?"

सूर्यभान म्हणाला, "पोट्ट्यायले जेवू घातलं तं चालीन ना पन? नक्की?"

"चालीन. गोड बी कर."

पार्बताबाई दारातून म्हणाली, "गुळाचा कराव लागीन मंग," आणि ते तिथेच ठरलं.

मी कागद काढला आणि काकांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "वाचाले त्या कवीले बोलवा. वामनरावचा आवाज बसते. मोतीरामचा पोरगा वाचीन तं लोक आयकतीन." वामनराव रागावले नाहीत, त्यांनी मान हलवली. मग काका मला म्हणाले, "अन् त्याले सांग, माह्यावर कविता कराची असली तं कर म्हना. पन मी जित्ता हाय तोवर मले इचारून. मंग कोनाले इचारीन?"

हा निरोप आहे. पोचवला. मी तुला ये म्हणत नाही, ते म्हणताहेत. पुस्तकाचं तू काय करावंस ते मी यापुढे सांगणार नाही. छापलेलं पान फाडून परत पांढरं होत नाही, एवढं मलाही कळतं. सूर्यभान पुस्तक परत करायला आला होता. मी म्हटलं, ठेव, बाकीच्या कविता वाच. एकोणतिसावी बरी आहे.

येशील तर सकाळच्या गाडीनं ये. दुपारी काकांना बोलवत नाही.

जाई


अकोला, रविवार, २५ एप्रिल १९६५. सकाळचे सव्वाअकरा.

श्रावण तायडे यांच्या घरासमोर, ते स्वतः हजर असताना, खालील कागद दिले.

देणार: जाई मोतीराम खंडारे. घेणार: देवराव मोतीराम खंडारे, मुक्काम अमरावती. साक्षीदार: वामनराव, सही, सूर्यभान श्रावण तायडे, सही, सुंदराबाई मोतीराम खंडारे, अंगठा.

एक. श्रावण तायडे यांनी आपल्या अंत्यविधीबद्दल सांगितलेला कागद, पान एक, त्यांच्या अंगठ्यासह. प्रसंग येईल तेव्हा घेणाऱ्याने उभे राहून, आहे तसा वाचावा. घेणाऱ्याने तो आज एकदा सर्वांसमोर वाचून दाखवला. श्रावणकाकांनी तो दोनदा थांबवून मोठ्याने वाचायला सांगितला.

दोन. अठरा जानेवारी एकोणीसशे त्रेसष्टच्या सकाळची हकीकत, पाने तीन, देणारीच्या हातची. घेणाऱ्याने ती मागितली नव्हती. कवितेसाठी वापरण्यास हरकत नाही. देणारीचे नाव बदलू नये. तिसऱ्या पानाच्या शेवटी कावळ्याविषयीच्या चार ओळी खोडलेल्या आहेत. त्या वाचता येतात. त्याही दिल्या.